पुस्तक पोथीसारखे लावावे
लेखमाला : अक्षरांची आवणी (लेखांक सहावा)

जून उजाडला की दप्तरे, वह्या, रेनकोट यांच्या जोडीने वाचनाच्या याद्याही बाहेर पडतात. तीन ते सहा वर्षांसाठी ही पुस्तके, सात ते दहासाठी ती, कुमारांसाठी अमुक, पालकांसाठी तमुक. या याद्या करणारी माणसे बहुतेक वेळा चांगली वाचक असतात आणि त्यांनी निवडलेली पुस्तकेही वाईट नसतात. अडचण यादीच्या बांधणीतच आहे. वयाप्रमाणे कप्पे पाडणारी यादी काही गोष्टी गृहीत धरून चालते: पाचवीतले मूल पाचवीइतके वाचते, घरातल्या प्रत्येकाला स्वतःचा कोपरा, स्वतःचा दिवा आणि स्वतःचा तास आहे, मोठी माणसे आधीपासून वाचती आहेत, आणि पुस्तकाचे दुकान हाकेच्या अंतरावर आहे. पुण्यातल्या एखाद्या सदनिकेत यातले बरेचसे खरे असेलही. इगतपुरी तालुक्यातल्या घोटीच्या बाजारपेठेतल्या काही घरांतही असेल. पण पेठ सोडून दोन मैल आत, भाताच्या खाचरांच्या कडेने वसलेल्या वाड्यांमध्ये गेलो की यातले एकही गृहीतक टिकत नाही. म्हणून या लेखांकात कप्पेवार यादी न देता एकच शिफारस करायची आहे. शाळा उघडताना घराने सगळ्यांसाठी मिळून एक पुस्तक निवडावे आणि ते पोथीसारखे लावावे. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, रोज थोडे, ठरलेल्या वेळी. हे म्हणणे वरवर जुनाट वाटते, त्यामुळे ते पुराव्यानिशी मांडायला हवे.

आधी ऋतू पाहू. विदर्भ वगळता महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. इगतपुरी तालुक्यात तेव्हाच पाऊस उतरलेला असतो. सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेल्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. भाजलेल्या राबावर भाताचे रोप टाकायचे, ते हातभर झाले की चिखलणी करायची आणि मग आवणी. घोटीची बाजारपेठ आणि तिथल्या भाताच्या गिरण्या वर्षभर ज्या धान्यावर चालतात, त्याचा पाया या पाचसहा आठवड्यांत घातला जातो. आवणीला हात कमी पडतात. मोठी मुले चिखलात उतरतात, मधली रोपांच्या मुठी पोचवतात, त्याहून धाकटी घरी तान्ह्याला सांभाळतात. शाळेचा पट भरलेला आणि वर्ग अर्धा रिकामा अशी स्थिती जुलैत येते ती याच कारणाने. तिला आळस किंवा अनास्था म्हणणे अन्यायाचे होईल. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या वारली पाड्यांवर हेच पाहिले होते. मुले गुरांमागे जातात म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. आपल्याला शाळा खाचरात न्यायची नाही. पण जून-जुलैत मुलाच्या हाती पुस्तक देऊन 'वाच' म्हणणारी शिफारस दिवसभर ओणव्याने रोपे लावलेल्या अंगाला लागू पडणार नाही, एवढे तरी मान्य करायला हवे. त्या अंगाला संध्याकाळी एकच गोष्ट जमते. बसून ऐकणे.

आता वाचनाच्या शास्त्राकडे वळू. 'असर' या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातल्या मुलांना दुसरीच्या पातळीचा एक छोटा मजकूर वाचायला देतात. २०१८ साली तिसरीतली २७.३ टक्के मुले तो वाचू शकत होती. कोरोनाच्या बंद शाळांनंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. पाचवीतली निम्मी मुलेसुद्धा २०२४ मध्ये तो मजकूर वाचू शकत नव्हती. हे आकडे देशाचे आहेत, घोटीचे नाहीत. पण वयोगटाच्या यादीतला 'वय वर्षे ८ ते १०' हा कप्पा किती पोकळ आहे, हे त्यांतून दिसते. त्या वयाच्या मुलांतली निम्मीसुद्धा त्या कप्प्यातले पुस्तक उघडून पुढे जाऊ शकणार नाहीत. बाकीच्यांनी काय करायचे? यादीचे उत्तर असते की त्यांनी खालच्या कप्प्यातले घ्यावे. दहा वर्षांच्या मुलाला, ज्याला नांगर, साप, पूर, उधारी, मरण हे सगळे ठाऊक आहे, त्याला 'ससा गवत खातो' द्यायचे. मूल पुस्तक मिटते. ते पुस्तकाला कंटाळलेले असते असे नाही, पुष्कळदा त्याला त्यात अपमान वाटलेला असतो.

इथे एक साधे सूत्र उपयोगी पडते. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली मांडले की वाचून समजणे हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: अक्षरे उलगडता येणे आणि भाषा समजणे. बेरीज न म्हणता गुणाकार म्हटले, यातच त्या सूत्राचे मर्म आहे. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असून उत्तर शून्यच. आपल्याकडची शाळा आपली बहुतेक शक्ती पहिल्या बाजूवर खर्च करते. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे. ते करायलाच हवे. पण दुसरी बाजू, म्हणजे लांब वाक्याचा शेवट येईपर्यंत त्याची सुरुवात ध्यानात धरणे, 'तथापि' आणि 'एव्हाना' यांसारखे शब्द कानावरून गेलेले असणे, गोष्टीत पुढे काय होईल याचा अदमास बांधणे, ही अक्षरओळखीची वाट पाहत थांबत नाही. ती कानातून वाढते. थॉमस स्टिक्ट यांनी केलेल्या कामातून दिसते की साधारण आठवीच्या वयापर्यंत मुलांची ऐकून समजण्याची ताकद वाचून समजण्याच्या पुढे असते. म्हणजे जे मूल आज स्वतः दुसरीचा उतारा वाचते, त्याला ऐकताना त्याहून वरच्या इयत्तेची गोष्टही पेलते. पुस्तक त्याच्या डोळ्यांच्या मापाचे निवडायचे की कानाच्या, हा खरा प्रश्न आहे. कानाचे माप धरले की वयाचे कप्पे आपोआप गळून पडतात, कारण त्या मापात दहा वर्षांचा नातू आणि अक्षरशत्रू आजी एकाच सतरंजीवर बसू शकतात.

आणि हे काही परदेशातून आणायला नको. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि पोथी लावण्याचा रिवाज महाराष्ट्राच्या खेड्यांत त्याच सुमाराला जागा होतो. अठराव्या शतकाच्या आरंभी श्रीधरस्वामींनी रचलेले 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' हे ग्रंथ दोन-अडीचशे वर्षे याच रीतीने लोकांपर्यंत पोचले. एक जण ओव्या वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. अध्याय संपला की पोथी फडक्यात बांधून ठेवायची आणि उद्या पुढे. ऐकणाऱ्यांत बहुसंख्य निरक्षर, तरी कथा त्यांना तोंडपाठ. या परंपरेला सोन्याचा मुलामा चढवण्याचे मात्र कारण नाही. पोथीच्या ओसरीवर कोण बसणार आणि कोण अंगणाबाहेर उभे राहणार हे जात ठरवत होती, आणि वाचणारा आवाज जवळजवळ नेहमी पुरुषाचाच असे. पण ही रीत कोणा एका धर्माची वा जातीची मिरास नाही याचा पुरावाही आपल्याच डोळ्यांपुढे आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेला बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आषाढ पौर्णिमेपासून सुरू होणाऱ्या वर्षावासात महाराष्ट्रभर विहारांतून सामूहिकरीत्या वाचला जातो. बाया वाचतात, तरुण वाचतात, म्हातारे ऐकतात. ग्रंथ निराळा, श्रोते निराळे. बैठक तीच, ऋतूही तोच. पावसाने माणसांना घरात कोंडले की एकाने वाचायचे आणि सर्वांनी ऐकायचे, हे इथल्या समाजाला शिकवावे लागत नाही. उरते ते एवढेच की त्या बैठकीत गोष्टीचे पुस्तकही बसवायचे.

कोणते पुस्तक? कसोटी एकच. मोठ्याने वाचले असता ते उभे राहिले पाहिजे. मराठीचे भाग्य असे की तिचे काही उत्तम गद्य मुळातच तोंडातून आले आहे, आणि त्यातले बरेच नाशिकच्या आसपास. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली. 'गीता प्रवचने' हे पुस्तक लिहिले गेले नाही, बोलले गेले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढले. त्याची रचना पाहा. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमातली मंडळी जमतात, श्याम गोष्ट सांगतो, रात्र संपते. वर्तुळात बसून ऐकायचे असते हे पुस्तकाने स्वतःच सांगून ठेवले आहे, आणि आपण ते एकट्या मुलाच्या हाती बक्षीस म्हणून देतो. तिसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. नाशिकजवळच्या जलालपूरचा जन्म, शाळेचे तोंड न पाहिलेली बाई, लिहायला-वाचायला लग्नानंतर घरीच शिकलेली. १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेली त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचताना समोर कोणी बोलत असल्याचाच भास होतो. वाक्य आखूड, विनोद चिमटीतला, स्वतःवरच हसण्याची तयारी. मोठमोठ्या शिक्षितांना जे साधले नाही ते त्यांना साधले, ते त्यांचा कान शाबूत होता म्हणून, असे मला वाटते.

तेव्हा यादी द्यायचीच तर ती अशी सुरू होईल. 'श्यामची आई' सबंध लावू नये. त्यात डोळे फार पाझरतात, आणि आज्ञाधारकपणाचे जे कौतुक आहे ते आजच्या मुलाला आणि बापालाही जड जाईल. पण त्यातली 'पत्रावळ' किंवा 'मोरी गाय' यांसारखी रात्र निवडून वाचली तर पळसाच्या पानांशी आणि गोठ्याशी रोजचा संबंध असलेल्या घरात ती लगेच रुजते. 'स्मृतिचित्रे'तला बालपणाचा आणि नव्या संसाराचा भाग घ्यावा. सासरा, सोवळे, नवऱ्याचे अचानक घर सोडून जाणे, हे सारे आजी आणि सून दोघींना आपापल्या परीने कळते. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाचे कार्यक्रम करत महाराष्ट्र पालथा घातला होता. त्यांच्या कथा श्रोत्यांसमोर तावून सुलाखून निघालेल्या आहेत. मिरासदारांची 'व्यंकूची शिकवणी' किंवा 'भुताचा जन्म' एका बैठकीत संपते आणि दुसऱ्या दिवशीच्या बैठकीला श्रोते आपण होऊन येतात. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ साली छापून आली. शेतकऱ्याच्या घरात ती वाचायची म्हणजे नुसती सुरुवात करून द्यायची, पुढचे आजी पाहून घेते. तीन-चार वर्षांच्या बाळांसाठी मात्र मांडीवर घ्यायचे चित्रांचे पुस्तक हवेच, कारण चित्र लांबून ऐकू येत नाही. माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' तिथे कामाचे. सगळ्यांच्या आधी पाच मिनिटे त्याला द्यावीत.

लांब पल्ल्याच्या पुस्तकांत चारांचा विचार करण्याजोगा आहे. 'बनगरवाडी' १९५५ सालची. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो आणि शाळेत मुलेच नसतात, कारण ती मेंढरांमागे गेलेली असतात. आवणीच्या दिवसांत ही गोष्ट ऐकणाऱ्या घराला तिचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ पासून घराघरांत आहे. आपण ते जिद्दीचे पुस्तक म्हणून वाटतो, पण खरे तर ते मातीचे पुस्तक आहे. कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग का लावायचा, गाडीत अवजारे-बियाणे भरून शेतकऱ्याच्या बांधावर शाळा कशी न्यायची, हे भाग बापाने ऐकावेत आणि मुलाने वाचावेत. आनंद यादवांची 'झोंबी' शाळा आणि शेत यांच्यामध्ये ओढल्या जाणाऱ्या मुलाची आहे. शाळा सोडवून पोराला मोटेवर जुंपणारा बाप त्यात आहे. बाप समोर बसलेला असताना ते वाचणे हे धाडसच, आणि म्हणूनच ते कधी वाचायचे याचा निर्णय त्या घरातल्या वाचणाऱ्यावर सोडावा. चौथे, आणि माझ्या मते या सगळ्यांत श्रेष्ठ, 'पाडस'. मार्जोरी रॉलिंग्ज यांची १९३८ सालची ही कादंबरी राम पटवर्धनांनी मराठीत आणली ती अशी की ती मुळात इथलीच वाटावी. जंगलाच्या कडेला शेती करणारे एकटे कुटुंब, हरणाचे पोरके पाडस आणणारा मुलगा, आणि मग ते पाडस वाढून घरच्या मक्यात तोंड घालू लागते. शहरातला वाचक इथे फक्त पाडसाच्या बाजूने रडतो. रानडुकराने रात्रीत लोळवलेले पीक पाहिलेल्या घराला मक्याची बाजूही कळते. दोन्ही बाजू एकाच वेळी कळणे म्हणजे काय, हे त्या पुस्तकाइतके क्वचितच कुठे सापडते. अशा पुस्तकाला वयोगट कसला लावायचा?

पहिला आक्षेप शिक्षकांकडून येईल आणि तो वजनदार आहे. ऐकून ऐकून मूल ऐकणारेच राहील, स्वतः वाचायला कधी शिकणार? निपुण भारत अभियान तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा धरते. ती सतरंजीवर बसून कशी पुरी होणार? याचे उत्तर पोथीच्या रीतीतच आहे, कारण तिथे कोणीतरी वाचणारा लागतो. वाचणारा बापच असावा असा नियम नाही. आठवड्यातले चार दिवस मोठ्या माणसाने वाचावे आणि तीन दिवस मुलाने, पण ज्या दिवशी त्याची पाळी, त्या दिवशी त्याने दुपारी तेवढी दोन पाने आधी वाचून ठेवायची. एस. जे. सॅम्युअल्स यांनी १९७९ साली पुनर्वाचनाची पद्धत मांडली: तोच मजकूर पुन्हापुन्हा वाचल्याने वेग वाढतो, अडखळणे घटते, आणि तो फायदा नव्या मजकुरातही काही प्रमाणात उतरतो. वर्गात 'पुन्हा वाच' म्हटले की ती शिक्षा होते. रात्री सगळ्यांपुढे वाचायचे आहे म्हणून मूल दुपारी तेच पान आपणहून तीनदा वाचते, तेव्हा ती तयारी होते. एरवी वाचनाला श्रोता नसतो, परीक्षक असतो. एक पथ्य मात्र पाळावे. वाचताना ते अडखळले तर शब्द सांगून पुढे जावे, चूक धरून थांबवू नये. कीर्तनात टाळकरी बुवांचे व्याकरण काढत नाहीत.

दुसरा आक्षेप याहून खरा आहे. ज्या घरात कोणी वाचणारेच नाही तिथे काय? आणि जिथे घरची बोली ठाकरी किंवा महादेव कोळ्यांची आहे, तिथे प्रमाण मराठीतले पुस्तक कानालाही परके, मग कानाचे माप धरून काय मिळाले? माझ्या युक्तिवादाचा सगळ्यात नाजूक सांधा हाच, म्हणून इथे थोडे थांबतो. पोथीच्या बैठकीत दोन माणसे असत, हे आपण पाहिले. वाचणारा आणि अर्थ सांगणारा. आपण वाचनाचा विचार करताना दुसऱ्याला विसरलो. घरात एकटी सहावीतली मुलगी वाचू शकत असेल तर तिने वाचावे, आणि अर्थ तिने सांगूच नये, तो आजीने सांगावा. पुस्तकातले वाक्य पुस्तकाच्या भाषेत येते, ते आजीच्या तोंडून घरच्या बोलीत पुन्हा उभे राहते. 'म्हंजी आपल्या वढ्याकाठच्या त्या झाडासारखं,' असे म्हणून आजी जेव्हा वाक्य आपलेसे करते, तेव्हा त्या मुलीला दोन भाषांमधला पूल फुकटात मिळतो. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी दिलेले शब्दार्थ हे काम करू शकत नाहीत, कारण तिथे प्रमाण शब्दाचा अर्थ दुसऱ्या प्रमाण शब्दात दिलेला असतो. शिवाय इथे घरातला मान उलटसुलट होत नाही. शिकलेली नात आणि अडाणी आजी अशी उतरंड न राहता अक्षरे एकीकडे आणि अर्थ दुसरीकडे अशी वाटणी होते. आजी चुकीचा अर्थ सांगेल असे कोणी म्हणेल. सांगेलही. मुलगी 'तसं नाही गं आजी' म्हणेल, दोघी पुन्हा ते वाक्य वाचतील, आणि समजून वाचणे म्हणतात ते तेवढ्यात घडून जाईल.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी माघार घेतो. चौदा-पंधरा वर्षांची मुले या बैठकीत बसणार नाहीत, आणि त्यांना ओढून बसवूही नये. मिलिंद बोकील यांची 'शाळा' आईबापांपुढे मोठ्याने वाचायचे पुस्तक नव्हे. नववीतल्या मुलाच्या मनातले पहिले प्रेम ही त्याची एकट्याची गोष्ट आहे, आणि ते त्याने दार लोटून किंवा एसटीच्या खिडकीशी बसून वाचावे. त्या वयाला आपले असे पुस्तक हवे, आणि घराने त्यात काय आहे ते विचारू नये. दया पवारांचे 'बलुतं' शेजारच्या अकोले तालुक्यातल्या धामणगावातून आले. तेही सोळा-सतराव्या वर्षी, स्वतःच्या गतीने, मध्ये थांबत वाचायचे पुस्तक. सामूहिक वाचन हे वाचनाचे दार आहे, सगळे घर नव्हे. दहावीच्या मुलाला अभ्यास आहे, गाइड आहेत, या तक्रारीला मात्र मी फार किंमत देणार नाही. रोजच्या वीस मिनिटांनी कोणाचा निकाल बुडाला नाही, आणि मराठीच्या प्रश्नपत्रिकेत अपठित उतारा असतोच. मोबाइलवर गोष्टी ऐकायला मिळतात तर वाचायचे कशाला, हाही प्रश्न येतो. डोळे अधू झालेल्या आजोबांसाठी ती सोय उत्तमच. पण मोबाइलला 'थांब, हे परत सांग' म्हटलेले कळत नाही आणि त्याच्याकडे पाहून अक्षर आणि आवाज यांची गाठही पडत नाही. तोच मोबाइल उलट वापरता येतो. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झाले, त्याचे जुने अंक संस्थेने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. ते पडद्यावरून मोठ्याने वाचायला कोणाची हरकत असणार?

राहिला पुस्तक आणायचे कुठून हा प्रश्न, आणि तो पैशाचा जितका आहे त्याहून जास्त किल्लीचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वृत्तपत्रे, मासिके, गोष्टींची पुस्तके असावीत असे स्पष्ट लिहिले आहे. ती पुस्तके पुष्कळ ठिकाणी कपाटात असतातही. ती फाटतील, भिजतील, हरवतील आणि जबाबदारी अंगावर येईल या धास्तीने कुलूप लागते. इगतपुरीच्या पावसात ही धास्ती अवाजवी नाही. पण फाटलेले पुस्तक वाचले गेले असण्याची शक्यता तरी असते. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालये राज्यभर आहेत, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासूनचे, पण घोटीच्या वाडीवरल्या बाईने बससाठी पैसे मोडून पस्तीसेक किलोमीटरवर पुस्तक बदलायला जावे ही अपेक्षा कोणी करू नये. पुस्तकानेच यायला हवे. नाशिकच्याच कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना त्याच तत्त्वावर उभी आहे. पुस्तकांची पेटी एका गटाकडे जाते, तिथे फिरते, मग बदलते. वाडीला पेटीसुद्धा लागत नाही. बाजाराच्या दिवशी घोटीत येणाऱ्या पिशवीत एक पुस्तक मावते. आश्रमशाळांच्या वसतिगृहांत तर आणखी सोपे आहे. तिथे पन्नास श्रोते आधीच एका छपराखाली आहेत, जेवण आणि झोप यांमधला वेळ मोकळा आहे, आणि लागतो तो एक वाचणारा अधीक्षक किंवा पाळीपाळीने वाचणारी मुले.

शेवटी हिशेब. सहावीतली मुलगी अडखळत का होईना मिनिटाला ऐंशी शब्द वाचते असे धरू. वीस मिनिटांत सोळाशे शब्द होतात, म्हणजे साधारण पाच ते सहा पाने. आषाढी ते कार्तिकी चार महिने. त्यातून आवणीत अंग मोडून आलेल्या रात्री, पोळा, गणपती, पाहुणे, वीज गेलेली आणि कंदिलात तेल नसलेली संध्याकाळ, असे सगळे वजा करून ऐंशी रात्री उरल्या तरी चारशेहून अधिक पाने होतात. एक जाड कादंबरी, किंवा दोन मध्यम पुस्तके. क्रम मात्र शेतीकडे पाहून लावावा. आषाढात, आवणी चालू असताना, एका बैठकीत संपणारे घ्यावे: मिरासदारांची कथा, श्यामची एखादी रात्र, बहिणाबाईंची दोन गाणी. ऐकता ऐकता कोणी झोपले तर झोपू द्यावे, दुसऱ्या दिवशी त्याचे काही चुकलेले नसते. आवणी आटोपून हात मोकळे झाले की श्रावणात 'पाडस' उघडावे. रोज पाच पानांच्या चालीने, पाडसाने मक्यात तोंड घातल्याचे प्रकरण येईल तेव्हा दाराबाहेर भात निसवलेले असेल, आणि त्याला राखण बसलेली असेल.